सैतानाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. पैशाचं राहू द्या. सैतानाचं सोंग आणावं की नाही, हा त्याहून अवघड प्रश्न आहे, आणि तो आमच्या घरात भाच्यामुळे शिरला.

हा भाचा लातूरला डॉक्टरकीच्या शिकवणीला असतो. मे महिन्यात चार दिवस नांदेडला आला, तो सामानात सैतान घेऊनच. नॉर्वेच्या ‘आर्क्टुरस’ या मंडळींचा १९९७ सालचा अल्बम, नाव ‘ला मास्करेड इन्फर्नाल’. मराठीत सांगायचं तर नरकातला सोंगांचा खेळ! आता, बाहेर पारा चव्वेचाळीसवर आणि कूलरमध्ये थेंब नाही, अशा वेळी नांदेडच्या माणसाला नरक मुद्दाम ऐकवायची गरज नसते. पण भाच्यापुढे मामाचं काय चालणार?

या ब्लॅक मेटलवाल्यांपैकी बरेच जण तोंडाला पांढरं फासून डोळ्यांभोवती काळं ओढतात. दिवसभर पिठाच्या गिरणीत उभं राहून मग तव्याची काजळी पुसावी, तसे दिसतात. तेव्हा पत्र्यावर दगड पडल्यासारखं काहीतरी ऐकू येणार, या तयारीनं मी बसलो. तर मधेच व्हायोलिनं निघाली, एक जण ऑपेराच्या थाटात खणखणीत गाऊ लागला, आणि मागं ड्रम असा सुटला की आमच्या हलगीवाल्यालाही धाप लागावी. एका गाण्याचे शब्द तर एडगर ॲलन पो या अमेरिकन कवीचे निघाले. एकूण मामला ज्ञानासाठी सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्टच्या जातीचा. ज्ञानाला काय किंमत पडते, हे लातूरच्या शिकवणीची फी भरणाऱ्या बापाला वेगळं सांगायला नको.

शेजारचे निवृत्त गुरुजी भिंतीवरून म्हणाले, “असलं ऐकून पोरं बिघडतात.”

आता असं पाहा. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स असे तीन आहेत. पैठणच्या नाथांनी भारुडात भूत आणलं, विंचू आणला. मरीआईचा पोतराज अंगावर आसूड ओढत दारात आला की आम्ही पोरं कणगीमागे लपायचो, आणि तो पुढच्या गल्लीत गेला की त्याच्या मागेमागे जायचो. भिण्यातही एक गोडी असते. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’नं तर २०१७ साली याच जातीच्या गदारोळात विष्णूचे दशावतार बसवले. तेव्हा ‘सोंगानं माणूस बिघडतो’ म्हणावं, तर आपली अर्धी परंपरा बिघडलेली निघेल.

पण गुरुजींचं अगदीच खोटं नाही, बरं का. नॉर्वेत याच संगीताच्या नादातल्या पोरांनी चर्चं जाळली. बर्गनजवळचं फांटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च १९९२ च्या जूनमध्ये जळालं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेहेम’ बँडच्या गिटारवाल्याचा खून झाला. करणारा त्याच अल्बमवर बास वाजवलेला. त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. १९९४ साली तो अल्बम निघाला. त्यावर मारणारा आणि मरणारा अजून एका तालात वाजवताहेत. आणि त्यांना ताल देणारा ड्रमवाला तोच, जो पुढं आर्क्टुरसच्या या खेळात आहे. त्याच्या हातून काही गुन्हा घडला नव्हता. पण हे कळल्यावर कान पहिल्यासारखे राहत नाहीत. ‘कलेकडे कला म्हणून पाहा’ हे वाक्य म्हणायला सोपं, मेलेल्याच्या आईपुढे म्हणायला अवघड.

मग फरक कुठं? उत्तर दिलं आमच्या मावशीनं. मावशी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तिनं किल्लारीच्या बाजूला काढलेली. भीती म्हणजे काय, हे तिला शिकवणी लावून कळलेलं नाही. तिनं कोपऱ्यात गहू निवडता निवडता सगळं ऐकलं आणि विचारलं, “कोन वरडायलंय रे हे?”

“सैतान हाय म्हनं, आज्जी.”

“सैतान कशाला वरडंल? त्याला काय कमी हाय? हे मानूसच दिसायलंय.”

गुरुजी गप्प, मीही गप्प. खरंच की! खऱ्या सैतानाला तोंड रंगवावं लागत नाही. तो धुतलेले कपडे घालून येतो, “हुंडा नको हो, फक्त पोराला एक फ्लॅट तेवढा बघा” म्हणतो आणि चहा पिऊन जातो. जो ओरडतो, सोंग आणतो, त्याच्या आत अजून कुणीतरी आहे, ज्याला भीती वाटते. बिघडतं कधी, तर सोंग उतरवायचं राहून गेलं की. पोतराज संध्याकाळी आसूड खुंटीला टांगतो आणि पोराला भाकरी भरवतो. ज्यांनी रंगमंचावरची काडी घरी नेली आणि चर्चला लावली, ते सैतान झाले नाहीत. त्यांना कलावंत राहणं जमलं नाही, इतकंच. पण त्यानं जळालेलं चर्च परत येत नाही, आणि माणूस तर नाहीच.

म्हणून भाच्याला मी एकच नियम घालून दिला. सोंग कुठलंही आण, पण तोंड धुण्यापुरतं पाणी आधी भरून ठेव. २०१६ साली मिरजेहून आगगाडीनं पाणी आणलेल्या लातूरच्या पोराला याहून जास्त समजावावं लागत नाही.