तारियाना: शेजारभाषांमध्ये टिकलेली भाषा

तारियाना ही ब्राझीलच्या वायव्य टोकाला, कोलंबियाच्या सीमेलगतच्या वाउपेस नदीच्या खोऱ्यातील भाषा. ती आरावाक कुळातली, तर भोवतालच्या बहुतेक भाषा तुकानो कुळातल्या. समाजाची लोकसंख्या हजाराहून अधिक असली तरी ही भाषा बोलणारे सुमारे शंभरच उरले आहेत. त्यांची वस्ती मुख्यतः सांता रोझा आणि पेरिकितोस या गावांत आहे.

शेजारच्या मोठ्या भाषांनी तिला गिळले, असा तर्क सहज होतो. वाउपेसचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. तेथे वडिलांची भाषा हीच माणसाची ओळख. एक भाषा बोलणारे परस्परांचे भाऊबंद, त्यामुळे सोयरीक परभाषकांशीच जुळे. आई एका भाषेची, वडील दुसऱ्या भाषेचे आणि काकू-आत्यांच्या सासर-माहेरच्या आणखी काही भाषा, अशा घरात मुले अनेक भाषा शिकत. बोलताना दुसऱ्या भाषेचे शब्द मिसळणे कमीपणाचे मानले जाई. म्हणून तारियानाने परके शब्द फारसे घेतले नाहीत.

व्याकरण मात्र सहवासाने समृद्ध झाले. ‘मुलगा नदीवर गेला’ एवढेच विधान तारियानात अपुरे ठरते. बोलणाऱ्याने ते स्वतः पाहिले, आवाजावरून जाणले, खुणांवरून ताडले, सर्वसाधारण अनुभवावरून गृहीत धरले की कोणाकडून ऐकले, हे क्रियापदासोबत सांगावेच लागते. ही व्यवस्था तुकानो भाषांच्या प्रभावाखाली विस्तारली, पण तिचे घटक तारियानाने बहुतांशी स्वतःच्याच सामग्रीतून घडवले. अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड यांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणग्रंथात तिचे सविस्तर वर्णन आहे.

ऱ्हासाला वेग आला तो विसाव्या शतकात. 1920च्या दशकात आलेल्या सालेशियन मिशनऱ्यांना बहुभाषिकता मागासलेपणाची खूण वाटली. अनेक कुटुंबांची सामाईक लांबघरे मोडली गेली, मुलांना निवासी शाळांत घातले गेले. शिक्षणाची भाषा पोर्तुगीज झाली आणि स्थानिक भाषांपैकी तुकानोला प्राधान्य मिळाले. वडिलांची भाषा मुलांपर्यंत पोहोचवणारी वीण उसवली.

2002 मध्ये याच भागातील साओ गाब्रिएल दा काशोएइरा या नगरपालिकेने तुकानो, बानिवा आणि न्येंगातू यांना पोर्तुगीजबरोबर अधिकृत दर्जा दिला. तारियाना त्या यादीत नव्हती. बोलणारे थोडे असणे हा भाषेचा मुख्य धोका नव्हे. एका घरात अनेक भाषांना जागा देणारी रीत मोडते, तेव्हा लहान भाषा उघडी पडते. तारियाना जपायची तर शब्दकोशाइतकीच त्या रीतीचीही काळजी घ्यावी लागेल.