रुळांवर यमराज

२०१९ च्या नोव्हेंबरात पश्चिम रेल्वेने मुंबईत खुद्द यमराजाला कामाला लावले. रूळ ओलांडणारा दिसला की हा वेषधारी त्याला उचलून खांद्यावर टाकायचा. लोक हसले, फोटो काढले.

हसण्यासारखेच होते म्हणा. प्रश्न मात्र महाभारताइतका जुना. सर्वांत मोठे आश्चर्य कोणते, असे यक्षाने विचारले, तेव्हा युधिष्ठिराने माणसाच्या विसराळूपणावर बोट ठेवले: मरण रोज दिसते, पण ते आपल्यालाही आहे हे पटत नाही. गंमत अशी, की तो यक्ष म्हणजे वेष पालटलेला यमधर्मच निघाला!

‘रूळ ओलांडू नका’ ही पाटी या विसराळूपणापुढे हतबल असते. सकाळची फास्ट लोकल गाठणाऱ्याला नियम पाठच असतो.

वडाळ्यात २०१० च्या सुमारास वेगळे करून पाहिले. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा किंचाळता चेहरा, तीन चित्रांत, अगदी जवळून. काही स्लीपर पिवळे रंगवले, गाडीचा वेग डोळ्यांना कळावा म्हणून. भोंगाही एका लांबऐवजी दोन तुटक. तिथले मृत्यू घटले. श्रेय चेहऱ्याचे, रंगाचे की भोंग्याचे, ते सुटे काढणे कठीण; पण तिघांपैकी कुणीही उपदेश करत नव्हते. उपदेशाची पोस्टरे उद्या उतरवली, तर फलाटावर कुणाच्या लक्षातही येणार नाही.