वागण्याची साक्ष

पनवेलच्या एका वृद्धाश्रमात आमच्या फुफी राहत होत्या. स्मृतिभ्रंश झालेला, नावे विसरलेल्या, तरी अजान कानी पडली की जानमाज मागायच्या. एका आठवड्यात त्या पार बदलल्या. रात्रभर ओरडू लागल्या, पाण्याचा पेला समोर धरला की लोटून देऊ लागल्या. सेविका म्हणाली, ‘वय झालं, आता असंच चालायचं.’ आमच्यापैकी कुणी नजर उतरवली, कुणी ताविज आणला. शेवटी एका तरुण डॉक्टरने लघवी तपासायला सांगितली. जंतुसंसर्ग निघाला. लघवीला आग होत होती, म्हणून त्या पाणीच टाळत होत्या. औषधाने काही दिवसांत फुफी पुन्हा जानमाजवर बसल्या.

यात चमत्कार काही नाही. म्हातारपणी संसर्ग झाला की ताप येईलच असे नाही; कित्येकदा आधी भ्रम होतो. बद्धकोष्ठ, दातदुखी, रक्तातले सोडियम कमी होणे, एखादे नवे औषध, यांपैकी कशानेही वागणे पालटते. ज्याला दुखणे सांगता येत नाही, तो ते वागण्यातून सांगतो.

मग आम्ही ऐकले का नाही? फुफींची अक्कल गेली, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते. अक्कल गेली म्हणून त्यांची साक्षही आम्ही बाद केली.

शरियतने अक्कल हरपलेल्याकडे नमाज-रोजाचा हिशेब मागितलेला नाही. ही सवलत त्याला आहे, त्याला सांभाळणाऱ्यांना नाही. उलट त्याच्या वाटणीचे पाहणे-समजणे आपल्याकडे अमानत म्हणून येते.

ही अमानत विसरल्यावर काय होते, हे एरवाडीने दाखवले. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या त्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण होरपळले. 28 जण दगावले. दुवेसाठी आणलेल्या माणसांची दवा कुणी पाहिली नव्हती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडांवर बंदी घातली. ‘वय झालं’, ‘सावली लागली’ या शब्दांवर मात्र कायदा बंदी घालू शकत नाही. तेही माणसाला जागीच बांधून ठेवतात.

दुवा जरूर करावी. पण आपले माणूस अचानक बदलले, तर आधी विचारावे, याला कुठे दुखते आहे? त्या आठवड्यात हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. फुफींना ते आठवत नाही. आम्हाला आठवते.