रंग सोडा, मिशा पाहा

भाद्रपदात वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या भूखंडांवर गुडघाभर गवत माजतं. त्यातून चालताना पायापुढून उडणाऱ्या प्रत्येक हिरव्या किड्याला आपण नाकतोडा म्हणून मोकळे होतो. गवतात लपायचं तर हिरवं असणं सगळ्यांच्याच सोयीचं. म्हणून रंगावरून काही ठरत नाही. ठरतं ते मिशांवरून.

नाकतोड्याच्या मिशा आखूड आणि जाडसर. कुरणातल्या कॅटिडिडच्या, म्हणजे कोनोसेफॅलस वंशातल्या किड्याच्या मिशा केसाइतक्या बारीक आणि अंगाहून लांब. हा फरक नुसता मापाचा नाही, दोन घराण्यांचा आहे. कॅटिडिड दिसतो नाकतोड्यासारखा, पण नात्याने रातकिड्याला जवळचा. मात्र हा दिवसाही गातो, त्यामुळे वेळेवरून ओळखायला जाल तर फसाल.

गाण्याची तऱ्हाही वेगळी. कॅटिडिडचा नर पुढचे दोन पंख एकमेकांवर घासतो. गाणारे नाकतोडे बहुधा मागची मांडी पंखावर घासतात. कॅटिडिडचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. नाकतोड्याचे पोटाच्या सुरुवातीला, पंखांखाली. कीटकांनी कान कुठे ठेवावेत याला काही धरबंधच नाही!

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक अंड्यांचा. कॅटिडिडच्या मादीला मागे चपटी, तलवारीसारखी नळी असते. ती नांगी नव्हे. त्या नळीने ती गवताच्या देठात किंवा पानाच्या आवरणात अंडी घालते. नाकतोड्याची मादी पोट ताणून जमिनीत अंड्यांचे पुंजके पुरते. म्हणूनच नाकतोड्यांसाठी उन्हाळी नांगरट आणि बांधांची छाटणी सांगतात: अंडी उघडी पडून उन्हाने वाळतात, पक्षी वेचतात. मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरकडे उतरलेले टोळही याच आखूड मिशांच्या गटातले. कोनोसेफॅलस मात्र गवताचं बी, फुलोरा खातो आणि बारीक किडेही मटकावतो. त्याला सरसकट शत्रू ठरवून फवारणी करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

पिल्लांना पूर्ण पंख नसतात, तरी मिशांची खूण त्यांनाही लागू पडते. मिशा तुटलेल्या असतील तर मादीची तलवार पाहा. आणि मोबाइलवर फोटो काढाल तेव्हा डोक्याजवळ फार जाऊ नका. मिशांची टोकं चौकटीत येऊ द्या.