खुर्ची बदलली की

काउंटरच्या आतल्या बाजूला मी साक्षात नियम असतो. परवा एका थरथरत्या हाताच्या गृहस्थांना मी सांगितले, "आजोबा, सही जुळत नाही." ते म्हणाले, "सही नसेल जुळत, पण मी तर जुळतोय ना?" मुद्दा बिनतोड होता. मी त्यांना नवा फॉर्म दिला.

त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या एका कचेरीत माझ्याच आडनावातली वेलांटी जुळेना. "अहो, कागद मोठा की माणूस?" यावर मी तिथल्या कारकुनाला दहा मिनिटे व्याख्यान दिले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आपण बँकेत ना?"

रात्री पिठलं-भात गोड लागेना. आपण ढोंगी आहोत काय? बायकोला विचारायची सोय नव्हती. तिने लगेच उत्तर दिले असते.

अशा वेळी मोठ्यांचा आधार घ्यावा. इंग्रजांनी आणलेल्या न्यायपद्धतीत दोन वकिलांनी भांडायचे आणि न्यायाधीशाने मधे बसून ऐकायचे. वकिलाला स्वतःला काय वाटते, हे कोणी विचारत नाही. ठाण्याच्या कोर्टात एकमेकांवर तुटून पडलेले दोघे बाहेर एकाच टपरीवर कटिंग पितात, ते उगाच नाही.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामीन मिळेना. तेव्हा बॅरिस्टर दावरांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे युक्तिवाद करून तो मिळवला. १९०८ साली टिळकांना पुन्हा धरले. या खेपेला जामीन मागायला बॅरिस्टर जिना, आणि न्यायासनावर कोण? दावर! जिनांनी त्यांना त्यांचाच जुना युक्तिवाद ऐकवला. दावरांनी जामीन नाकारला, आणि खटल्याअंती सहा वर्षांची शिक्षा दिली.

मग दावर खोटे कधी बोलले? जाणकार म्हणतील, कधीच नाही. आधी ते अशिलाचे बोलले, नंतर कायद्याचे. हे मला पटते, आणि पटते म्हणून जरा भीतीच वाटते. कारण त्याच खटल्यात ज्यूरीतले सात युरोपियन 'दोषी' म्हणाले आणि दोघे पारशी 'निर्दोष'. खुर्च्या तर नवांच्याही सारख्याच होत्या!

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. नव्या फॉर्मवरची सही जुन्याहूनही वाकडी. मी तो कागद घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"सही जुळत नाही," साहेब म्हणाले.

"पण माणूस जुळतोय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "हे तुम्ही म्हणताय?"