मातीचे रण आणि परीक्षकाचा धर्म

दिवाळीच्या सुमारास अंगणात मातीचा किल्ला उभारावयाचा, त्यावर हळीव वा मोहरी पेरून रान उगवावयाचे आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करावयाचे, हा मराठी मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. पुण्या-मुंबईत आणि बेळगावात तो जसा चालतो, तसाच बीदर-कलबुर्गीच्या सीमेवरील मराठी घरांतही चालतो. भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूची मुले शाळेत कन्नड शिकतात, घरी मराठी बोलतात, बाजारात दख्खनी समजून घेतात आणि दिवाळीत राजगड नाही तर प्रतापगड बांधतात. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात भिजविलेले गोणपाट, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे आणि माथ्यावर दरवाजाहूनही उंच असे सिंहासनाधिष्ठित महाराज! प्रमाणाचा याहून अधिक विचार मुले करीत नाहीत, आणि त्यांनी तो करावा असेही नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या देवस्थानाने या किल्ल्यांची स्पर्धा ठेविली आणि परीक्षक म्हणून तिघांना बोलाविले. एक शाळामास्तर, एक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आणि तिसरे आम्ही. कायद्याची पदवी आणि दोन-चार छापील लेख एवढ्या भांडवलावर आपल्याकडे माणसाला कोणत्याही विषयाचा परीक्षक होता येते. बांधकाम, प्रमाणबद्धता, सजावट व माहिती असे गुणांचे चार रकाने आमच्या हाती दिले होते.

पाच-सहा राजगड पाहून झाल्यावर आम्ही एका बारा वर्षांच्या मुलाच्या अंगणात आलो. त्याने बीदरचाच किल्ला केला होता. माती जांभ्याची, मूळच्याच रंगाची. दक्षिणेकडे खडकात खोदलेला तिहेरी खंदकही त्याने खिळ्याने कोरून काढला होता. पण एका बुरुजाला कोळशाचे काळे फासलेले होते आणि त्याच्या पायाशी मातीचा एक माणूस आडवा पडला होता. शेजारी दोन लहान आकृती वाकून बसलेल्या.

“हा कोण रे?” आम्ही विचारले.

“सिद्दी मर्जान, वकीलकाका. किल्लेदार. आणि ती त्याची मुलं.”

“दिवाळीत मेलेला माणूस मांडतात का?”

मुलगा खाली पाहू लागला. सुभेदार मात्र काही न बोलता, दुखरे गुडघे सांभाळीत, जमिनीवर बसले आणि वाकून त्या आडव्या माणसाच्या उंचीवरून तटाकडे पाहू लागले. आम्ही दोघे उभेच होतो.

मुलाने मांडलेली हकीकत इतिहासाची होती. मार्च 1657 मध्ये औरंगजेबाने बीदरला वेढा घातला. विजापूरकरांच्या वतीने वृद्ध सिद्दी मर्जान किल्ला लढवीत होता. सुमारे 27 दिवसांच्या झुंजीनंतर बुरुजाजवळच्या दारूगोळ्याने पेट घेतला, मर्जान प्राणांतिक होरपळला आणि किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या मुलांच्या हाती औरंगजेबाकडे गेल्या. ज्या तटाच्या सावलीत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्या तटासाठी मेलेल्या या हबशी माणसाचे नाव आम्हांस त्या मुलाच्या अंगणात पुन्हा आठवले. तरीही मास्तरांनी खंदक प्रमाणाबाहेर रुंद झाल्याचे सांगितले, आम्ही ‘सजावट’ या रकान्यातून गुण कापले आणि विजेच्या दिव्यांनी लखलखणाऱ्या एका राजगडास पहिले बक्षीस गेले. सुभेदारांनी त्या मुलास पैकीच्या पैकी गुण दिले होते. दोघांच्या मतापुढे एकाचे चालले नाही.

हा निकाल आम्हांस त्यानंतर बरेच दिवस टोचत राहिला. युद्धाची प्रतिकृती करणाऱ्याचे सत्याशी नाते कोणते, आणि तिचे गुणदोष सांगणाऱ्याचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा आहे. वस्तुतः तसा तो नाही.

मोठ्या माणसांतही हा छंद जगभर आहे. रणगाडे, विमाने, सैनिक यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करून त्यांचा देखावा मांडावयाचा, यास ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द 1822 मध्ये पॅरिसला दागेर व बुताँ यांनी उघडलेल्या एका चित्रगृहामुळे रूढ झाला. ग्रीक धातूंवरून त्याचा अर्थ ‘आरपार पाहणे’ असा होतो. या छंदातील टीकाकार मोठे कठोर असतात. रणगाड्याच्या पत्र्यावरील रिबिटे ते मोजतात, गणवेशाच्या बटणांचा रंग त्या वर्षी तसा होता काय हे तपासतात, चाकांवरील चिखल व गंज खरा वाटतो की नाही यावर तासन्‌तास वाद घालतात. ही साक्षेपी वृत्ती आम्हांस तुच्छ वाटत नाही. जो बटणाबद्दल खोटे बोलत नाही, तो मोठ्या गोष्टीबद्दलही खोटे बोलण्यास कचरेल अशी आशा करण्यास जागा असते. तथापि या सर्व तपासणीत एक प्रश्न क्वचितच येतो : गंज आहे, चिखल आहे, मग माणसाचे मरण कोठे गेले?

येथे गणिताची एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या छंदात 1:35 हे प्रमाण फार वापरले जाते. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस त्यात पाच सेंटीमीटरांचा होतो. उंची 35 पटींनी घटली. पण लांबी, रुंदी व जाडी तिन्ही घटल्यामुळे त्याचे आकारमान 42,875 पटींनी घटले. प्रतिकृतीत उंचीपेक्षा भार किती तरी अधिक वेगाने नाहीसा होतो. मरणाचा भारही त्याच रीतीने नाहीसा होत असावा, असे आम्हांस वाटते.

या क्षेत्रातील एक प्रसिद्ध प्रकरण वकिलाने तर अवश्य अभ्यासावे असे आहे. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यास 1830 मध्ये वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. त्याने रणभूमीवर महिनोन्‌महिने राहून मोजणी केली, आणि लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून, 18 जून 1815 च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कोठे होती, असे विचारले. उत्तरे शेकड्यांनी आली. न्यायालयात साक्षी नोंदवाव्यात तशा त्या त्याने ताडून पाहिल्या. सरकारने मध्येच पैसा थांबविला तेव्हा तो कर्जात उतरला. एका मैलास नऊ फूट या प्रमाणात, सुमारे 70,000 हून अधिक चिमुकल्या शिशाच्या सैनिकांसह, 1838 मध्ये ती प्रतिकृती लंडनमध्ये लोकांसमोर आली. परंतु विजयात प्रशियन सैन्याचा वाटा तीत ठळक दिसत होता, आणि वेलिंग्टनच्या ड्यूकांस ते मान्य नव्हते. अखेर प्रशियन आकृतींचा मोठा भाग सायबोर्नने उचलून घेतला. 1849 मध्ये तो वारला. प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. ड्यूकांचा आक्षेप पूर्णपणे निराधार होता असे आम्ही म्हणत नाही. वेळेबद्दल मतभेद संभवतो. पण पुराव्याने ठेविलेले सैनिक एका थोर पुरुषाच्या नापसंतीने उठतात, तेव्हा उरलेल्या सैनिकांची बटणे कितीही अचूक असली तरी देखावा खोटा होतो. टीका प्रतिकृतीस सुधारू शकते, तशी ती तिला भ्रष्टही करू शकते. आम्ही त्या मुलाच्या अंगणात दुसरे काय केले होते?

आमच्या व्यवसायातही प्रतिकृती असते. खुनाच्या खटल्यात घटनास्थळाचा नकाशा दाखल होतो. लिंबाच्या झाडापासून विहीर किती अंतरावर, ओटा कोणत्या दिशेस, प्रेत कोठे, सर्व मापात असते. नकाशाशिवाय न्याय चाचपडतो. पण केवळ नकाशावर निकाल देणारा न्यायाधीश आम्ही पाहिलेला नाही. त्यास दोन्ही बाजूंचे माणूस ऐकावे लागते. या दृष्टीने पाहिले तर दिवाळीचा बहुतेक किल्ला हा एकतर्फी हुकूमनामा असतो. तोफा रोखलेल्या असतात. त्या कोणावर, हे दिसत नाही. पहारेकरी जागे असतात. ते कोणापासून राखण करतात, तो माणूस अंगणात कोठेच नसतो.

आमच्या सीमाभागात ही उणीव केवळ कलेची राहत नाही. 1948 च्या मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात रझाकारांनी माणसे कापली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई झाल्यावर याच मुलुखात निरपराध मुसलमान घरांवर सूड उगविला गेला, असे पंडित सुंदरलाल समितीने सरकारास कळविले. एका गल्लीतील आजी पहिली गोष्ट सांगते, दुसऱ्या गल्लीतील आजी दुसरी. ज्या मुलाने लहानपणी केवळ आपल्याच बाजूचे सैनिक मांडले, तो मोठेपणी केवळ आपल्याच आजीची गोष्ट खरी मानणार नाही कशावरून?

यावर कोणी म्हणेल की, वकीलसाहेब, सणासुदीस मुलांच्या खेळात प्रेते कशाला आणता? आक्षेप खरा आहे. तांबडा रंग ओतून रण भेसूर करणे हाही एक शौकच, आणि तो शौर्याच्या शौकाहून बरा नव्हे. पण मरणास मर्यादेने जागा देण्याची रीत आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. आपल्या जुन्या देवळांच्या आवारात, कल्याणीच्या चालुक्यांच्या या मुलुखात तर ठिकठिकाणी, वीरगळ उभे आहेत. युद्धाचा याहून जुना देखावा आपल्याकडे क्वचितच सापडेल. खालच्या चौकटीत लढाई असते. तीत वीर असतो, शत्रू असतो, पुष्कळदा ज्यांच्यासाठी लढला त्या गाई असतात, आणि कधी वीर भुईवर पडलेलाही असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्यास नेतात, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. शिल्पकाराचे प्रमाण बहुधा चुकलेले असते. पण माणूस मेला, म्हणून हा दगड उभा आहे, हे सत्य त्याने पायाशीच कोरलेले असते. आपण त्यास शेंदूर लावतो आणि नवा किल्ला करताना त्याला विसरतो.

महाभारतातही पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. संजय दुरून सर्व रण पाहतो. व्यूह, रथ, शंख यांचे वर्णन त्याच्याइतके नेमके कोण करील? अर्जुन मात्र रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेण्यास सांगतो आणि त्यास समोर आजे, गुरू, भाऊ दिसतात. गीतेचा आरंभ या दुसऱ्या पाहण्यातून झाला. आणि व्यासांनी कथा विजयावर थांबविली नाही. रणात हिंडणाऱ्या गांधारीसाठी त्यांनी स्त्रीपर्व लिहिले. त्या रात्री सुभेदार गुडघे टेकून बसले तेव्हा ते अर्जुनाच्या जागी गेले होते. आम्ही उभ्यानेच, वरून, गुण देत होतो.

परीक्षकाचा धर्म आम्हांस आता एवढाच वाटतो. प्रमाण तपासावे, माहिती तपासावी. पण त्याआधी खाली बसावे, सैनिकाच्या उंचीवरून पाहावे आणि विचारावे : यात कोण राहिला? हे ओझे मुलावर टाकू नये. ते प्रश्न विचारणाऱ्याचे आहे.

तुळशीच्या लग्नानंतर आम्ही त्या घरी गेलो. किल्ला मोडला होता. विटा पुन्हा न्हाणीच्या चुलीला लागल्या होत्या. मुलाला आम्ही आमची चूक सांगितली. तो लाजला. मर्जान कोठे गेला, असे विचारता त्याने वृंदावनाकडे बोट दाखविले. मातीचा तो माणूस तुळशीच्या मुळाशी, ओल्या मातीत, अर्धा विरघळलेला होता.

“आजीनं ठेवला,” तो म्हणाला. “पडलेला माणूस कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणाली.”