सहा मात्रांची यादी पाठव

कोल्हापूर

चि. छोटीस,


दादा परवा फोनवर म्हणाला, संस्कृत तू मार्कांसाठी घेतलंस आणि आता सीईटीच्या धांदलीत नुसतं घोकतेस. मार्क मिळव गं, त्याला कोण नको म्हणतंय? पण गणिताचा क्लास वेगळा आणि वृत्तं वेगळी, असं तू म्हणालीस म्हणे. ते मात्र मला खटकलं.

'यमाचा, मानावा, ताराप' आपण सगळ्यांनीच घोकलं. तीन अक्षरांचे हे गण आठच का, हे विचारलंस कधी? जागा तीन, प्रत्येक जागी लघु किंवा गुरू, दोनाचा घन. वृत्तांचं शास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने हाच हिशेब लांब ओळींसाठी मांडला. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या ग्रंथावरच्या टीकेत मेरुप्रस्तार उलगडून दाखवला. तुझ्या गणिताच्या पुस्तकात त्यालाच पास्कलचा त्रिकोण म्हणतात.

आता टेबलावर टिचक्या मार. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरते? शेवट लघू असेल तर आधी तीन मात्रा उरतात, त्यांच्या तीन तऱ्हा. शेवट गुरू असेल तर दोन उरतात, त्यांच्या दोन. झाल्या पाच. पुढची संख्या नेहमी मागच्या दोघींची बेरीज. प्राकृत वृत्तांवर लिहिणाऱ्या विरहांकाने हे ओळखलं होतं, बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने पुन्हा सांगितलं. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं. म्हणून लगेच 'सगळं आपल्याकडेच होतं' असले फॉरवर्ड पाठवत सुटू नकोस. आधी स्वतः मोज.

उलटी वाटही आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'तली गणितं श्लोकांत घातली. श्लोक म्हटला की आकडाही वृत्तात बसला पाहिजे. म्हणून दोनाला डोळे, चाराला वेद. आपला जन्मशकही त्यांनी असाच सांगितला: रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. एकंस्थानापासून मांडत जा, शके १०३६ येतं, म्हणजे इ. स. १११४.

आणि हे फार लांबचंही नाही. आपल्या राजाराम कॉलेजात माधव जूलियन फारसी शिकवायचे. फारसी वृत्तंसुद्धा त्यांनी लघु-गुरूत मांडून मराठीत आणली, आणि 'छंदोरचना'सारखा ग्रंथ लिहिला. जयंत नारळीकरांचा जन्मही इथलाच, १९३८ चा. वडील गणिती, आई संस्कृतच्या विदुषी. त्या घरात या दोन विषयांची भांडणं झाली असतील असं मला तरी वाटत नाही.

पुढचा श्लोक पाठ करण्याआधी त्याच्या डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा कर. पेन्सिलीने, पुस्तक लायब्ररीचं आहे. आणि रविवारपर्यंत सहा मात्रांच्या ओळीच्या सगळ्या तऱ्हा कागदावर लिहून मला फोटो पाठव. तेरा भरल्या पाहिजेत. बारा आल्या तर पुन्हा मोज, मला फोन करू नकोस.

तुझी,
आत्या